रंग, पाणी आणि धूर: मूत्राशयाच्या कर्करोगाच्या कारणांचा शोध

एप्रिल १८९५. बर्लिनमध्ये जर्मन शल्यचिकित्सकांचे वार्षिक अधिवेशन भरले होते. फ्रँकफर्टहून आलेल्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने तेथे एक छोटेसे निवेदन सादर केले. विषय होता फुक्सिन बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयातील गाठी. एकाच रंगकारखान्याच्या फुक्सिन विभागात सुमारे ४५ माणसे काम करत होती आणि त्यांपैकी तिघांच्या मूत्राशयात गाठी सापडल्या होत्या.

तीन हा आकडा तसा किरकोळ. पण सर्वसामान्य लोकांत हा आजार इतका विरळा होता, की ४५ माणसांच्या एका खोलीत तो तिघांना व्हावा हे योगायोगाने घडणे जवळपास अशक्य होते. रेनला ते कळले. इतरांना कळायला किती काळ जावा लागला, त्याचा हा धागा.

रेनचे नाव वैद्यकाच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने गाजते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, चाकूने भोसकलेल्या एका तरुणाच्या धडधडत्या हृदयाला त्याने टाके घातले आणि तो तरुण जगला. हृदयावरील यशस्वी शस्त्रक्रियेचा आरंभ तेथून मोजतात. हृदयाची ही कथा प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते, रंगकामगारांची क्वचित. वास्तविक माणसांच्या संख्येचा हिशेब मांडला, तर दुसरी गोष्ट अधिक मोठी ठरते.

हा फुक्सिन आला कोठून? १८५६ मध्ये लंडनच्या विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन तयार करण्याचा प्रयत्न केला. हिवतापावरचे औषध काही हाती लागले नाही. भांड्याच्या तळाशी उरलेल्या काळ्या गाळातून मात्र रेशमाला धरणारा सुंदर जांभळा रंग निघाला. कोळशापासून वायू बनवताना उरणारे डांबर तोवर बहुतांशी कचराच मानले जाई. पर्किनच्या शोधानंतर त्या डांबराला सोन्याचे मोल आले.

तीनच वर्षांनी, १८५९ मध्ये, फ्रान्समधील ल्यों शहरी व्हेर्गँ नावाच्या रसायनज्ञाचा लालबुंद किरमिजी रंग बाजारात आला. त्याचे हक्क रनार बंधूंच्या पेढीने घेतले आणि नाव ठेवले फुक्सिन. कोणी म्हणतात हे नाव फुशिया फुलावरून आले. कोणी सांगतात की फ्रेंचमध्ये रनार म्हणजे कोल्हा आणि जर्मनमध्ये कोल्ह्याला फुक्स म्हणतात, त्यावरून ही शब्दकोटी झाली. त्याच वर्षी इटलीतील मॅजेंटा या गावी फ्रेंच सैन्याने ऑस्ट्रियाचा पराभव केला आणि रंगाला विजयाचे नाव चिकटले. आज छपाईच्या शाईत जो ‘मॅजेंटा’ शब्द येतो, तो रणांगणावरून आलेला आहे.

जर्मनीने हा उद्योग पाहता पाहता आपलासा केला. फ्रँकफर्टजवळील ह्योक्स्ट येथे १८६३ मध्ये रंगकारखाना सुरू झाला, त्याच वर्षी बायर आणि १८६५ मध्ये बीएएसएफ. याच बीएएसएफने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालमधील निळीची शेती काही वर्षांतच ओस पडली. भारतीय वाचकाला या उद्योगाची तेवढी बाजू ठाऊक असते. कारखान्याच्या भिंतीआड काय चालले होते, ते सहसा ठाऊक नसते.

भिंतीआड कढया उघड्या असत. वाफ छातीत जाई, भुकटी हातांवर आणि कपड्यांवर बसे. ॲनिलीनची बाधा झाली की ओठ निळे पडत आणि भोवळ येई. हे सगळ्यांना माहीत होते, कारण ते लगेच दिसे. लघवीतून रक्त जाणे मात्र पंधरा-वीस वर्षांनी सुरू होई. तोवर माणूस दुसऱ्या विभागात गेलेला असे, दुसऱ्या गावी गेलेला असे किंवा निवृत्त झालेला असे. त्या रक्ताचा आणि जुन्या कढईचा संबंध कोण जोडणार?

रेनला तो जोडता आला, याला दोन गोष्टी कारणीभूत होत्या. एक म्हणजे उपकरण. १८७९ मध्ये माक्स निट्झे याने मूत्राशयाच्या आत दिवा नेऊन पाहता येईल अशी नळी, म्हणजे सिस्टोस्कोप, वैद्यकजगासमोर मांडली होती. जिवंत माणसाच्या मूत्राशयातील गाठ डोळ्यांनी पाहणे त्यामुळे शक्य झाले. दुसरी गोष्ट साधी होती. कारखाने आणि रेनचे रुग्णालय एकाच परिसरात होते. निरनिराळ्या शहरांत विखुरले असते, तर ते तीन रुग्ण तीन वेगळ्या डॉक्टरांच्या वहीत एकेक नोंद होऊन राहिले असते.

रेनने ठपका ॲनिलीनवर ठेवला आणि या रोगाला ‘ॲनिलीन कर्करोग’ हे नाव कित्येक दशके चिकटून राहिले. नाव चुकीचे होते. १८९८ मध्येच कोलोनच्या लाइश्टेनस्टर्न या वैद्याने नॅफ्थिलअमाईनकडे बोट दाखवले. पुढील अभ्यासांत दोन मुख्य आरोपी निश्चित झाले: बीटा-नॅफ्थिलअमाईन आणि बेंझिडीन. दोन्ही रंग बनवण्यातील मधल्या पायरीची रसायने. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या कापडात त्यांचे नावही दिसत नसे. अर्थात रेन अगदीच चुकला होता असे म्हणणेही अन्यायाचे होईल. फुक्सिनसाठी ॲनिलीनबरोबर टोलुइडीन लागे, आणि त्याचा ऑर्थो-टोलुइडीन हा प्रकार आज मूत्राशयाच्या कर्करोगाचे सिद्ध कारण मानला जातो. मॅजेंटा बनवण्याची प्रक्रियाही त्याच यादीत आहे. त्याने दार बरोबर ओळखले होते, फक्त आतल्या माणसाचे नाव चुकले.

पण मूत्राशयच का? रसायन आत शिरले श्वासातून आणि कातडीतून. मग फुप्फुसाला किंवा त्वचेला सोडून गाठ इतक्या दूरच्या पिशवीत का यावी?

याचे उत्तर यकृतात आहे. शरीराला नको असलेले रसायन पाण्यात विरघळेल असे करून बाहेर टाकणे हे यकृताचे काम. बीटा-नॅफ्थिलअमाईनवर प्रक्रिया करताना यकृत त्याला एका शर्करेसारख्या रेणूशी बांधते आणि मूत्रपिंडाकडे पाठवते. बांधलेले असेपर्यंत ते बरेचसे निरुपद्रवी असते. मूत्राशयात मात्र लघवी तासन् तास साचून राहते आणि ती आम्लधर्मी असेल तर ही गाठोडी तेथे सुटतात. सुटलेला घटक अस्तराच्या पेशींतील डीएनएला जाऊन चिकटतो. शरीराने विष बाहेर टाकण्यासाठी जी वाट केली, तिच्या शेवटच्या मुक्कामावरच ते विष पुन्हा जिवंत होते.

सगळ्या माणसांची यकृते सारखी नसतात. काहींच्या यकृतात या अमाईनना ॲसिटिल गट जोडून निष्प्रभ करण्याची क्रिया जलद चालते, काहींच्यात मंद. ब्रिटनमध्ये १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या २३ रंगकामगारांपैकी २२ जण मंद गटातील निघाले. बेंझिडीनच्या बाबतीत मात्र हा नियम लागू पडला नाही. चीनमधील कामगारांत मंद क्रियेचा तसा तोटा दिसला नाही. एकाच कुळातील दोन रसायने, पण शरीरातील वाटा वेगळ्या.

आता पुन्हा इतिहासाकडे. १९२१ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ॲनिलीन कारखान्यांतील मूत्राशयाच्या कर्करोगावर अहवाल काढला. संघटना जेमतेम दोन वर्षांची होती. बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाईन ही दोन नावे त्या अहवालात स्पष्ट होती. म्हणजे पहिल्या निवेदनानंतर २६ वर्षांनी हे ज्ञान छापील, आंतरराष्ट्रीय आणि कोणालाही मिळण्याजोगे झाले होते. ‘त्या काळी माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय १९२१ नंतर कोणत्याही कारखान्याला उरली नाही.

आणि नेमक्या याच सुमारास हा उद्योग नव्या देशांत पसरत होता. पहिल्या महायुद्धात जर्मन रंगांची आवक तुटली, तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन यांनी आपापले कारखाने उभारले. जर्मनीची सूत्रे घेतली, यंत्रे घेतली, आणि जर्मन कामगारांच्या अनुभवाकडे पाठ फिरवली. न्यू जर्सीतील डीपवॉटर येथे ड्यूपाँट कंपनी बीटा-नॅफ्थिलअमाईन बनवू लागली. १९३० च्या दशकाच्या आरंभी तेथे पहिले रुग्ण दिसू लागले. जर्मनीत जेवढी वर्षे लागली होती, साधारण तेवढीच येथेही लागली.

येथे विल्हेल्म ह्यूपर या पात्राचा प्रवेश होतो. जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला हा विकृतिशास्त्रज्ञ ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत कामाला होता. उंदरांवर आणि सशांवर अनेकांनी प्रयोग करून हात टेकले होते. गाठी येतच नव्हत्या. ह्यूपरने कुत्री निवडली आणि त्यांना दीर्घकाळ बीटा-नॅफ्थिलअमाईन दिले. कुत्र्यांच्या मूत्राशयात माणसांसारख्याच गाठी आल्या. कुत्र्याचे शरीर या अमाईनना ॲसिटिल गट जोडू शकत नाही, हे त्यामागचे कारण फार नंतर उलगडले. १९३८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याआधीच, १९३७ मध्ये, कंपनीने ह्यूपरला कामावरून कमी केले होते. आपल्या निष्कर्षांच्या प्रसिद्धीवर कंपनीने बंधने आणली, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. ड्यूपाँटने हे रसायन बनवणे थांबवले ते १९५५ मध्ये. कुत्र्यांचा प्रयोग आणि हे थांबणे यांत १७ वर्षे गेली.

ब्रिटनमध्ये गोष्ट थोडी निराळी घडली, कारण तेथे कोणीतरी माणसे मोजली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील रसायन-उत्पादकांच्या संघटनेने रॉबर्ट केस या संशोधकाकडे पाहणी सोपवली. केसने कारखान्यांच्या जुन्या हजेरीपटांतून कामगारांच्या याद्या तयार केल्या, कोण कोणत्या रसायनाजवळ किती काळ होता ते टिपले आणि मग मृत्यूच्या दाखल्यांशी एकेक नाव ताडून पाहिले. तेवढ्याच वयाच्या, तेवढ्याच सामान्य पुरुषांत मूत्राशयाच्या कर्करोगाने किती मृत्यू व्हावेत याचे गणित मांडले आणि प्रत्यक्षातले मृत्यू त्याच्या शेजारी ठेवले. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रंगकामगारांतील धोका सामान्य लोकसंख्येच्या कित्येक पट होता. बीटा-नॅफ्थिलअमाईन सर्वांत घातक ठरले, त्यामागोमाग बेंझिडीन. रसायनाशी पहिला संपर्क आणि गाठ यांतील अंतर सरासरी १८ वर्षांच्या आसपास भरले. ज्या ॲनिलीनच्या नावाने रोग ओळखला जाई, त्याच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही.

कारकुनी वाटावे असे हे काम आहे. कारखान्यातील व्यवसायजन्य रोगांच्या इतिहासात मात्र केसच्या याद्यांइतके परिणामकारक शस्त्र क्वचितच कोणी वापरले असेल. अठरा वर्षांचे अंतर ही कारखानदाराची खरी ढाल होती, आणि तिला भेद होता तो जपून ठेवलेल्या हजेरीपटाचाच.

याच पाहणीतून एक अनपेक्षित धागा निघाला. तुलनेसाठी केसला रंगकारखाने नसलेले शहर हवे होते. त्याने बर्मिंगहॅम निवडले. तेथे मूत्राशयाचा कर्करोग कमी असायला हवा होता. तो जास्त निघाला, आणि रुग्णांत रबर कारखान्यांचे कामगार पुन्हा पुन्हा दिसू लागले. रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात मिसळल्या जाणाऱ्या एका पदार्थात बीटा-नॅफ्थिलअमाईनचा अंश राहत असे. टायर बनवणाऱ्या माणसाने त्या रसायनाचे नावही ऐकलेले नव्हते.

हा पदार्थ बनवणारी आयसीआय कंपनी होती. तिने १९४९ मध्ये तो बाजारातून काढून घेतला आणि बीटा-नॅफ्थिलअमाईनचे उत्पादनही ब्रिटनमध्ये त्याच सुमारास थांबले. १९५३ मध्ये हा कर्करोग भरपाईस पात्र अशा औद्योगिक रोगांच्या यादीत गेला. कायद्याने पूर्ण बंदी आली ती १९६७ मध्ये. पुढे दोन रबरकामगारांनी डनलॉप आणि आयसीआय यांच्याविरुद्ध दावा लावला आणि १९७२ मध्ये अपील न्यायालयातही दोन्ही कंपन्या दोषी ठरल्या. धोका माहीत असताना आयसीआयने ग्राहक कारखान्याला वेळीच सावध केले नाही. आणि धोका कळल्यावरही डनलॉपने कामगारांची तपासणी तत्परतेने केली नाही. रेनच्या निवेदनाला तेव्हा ७७ वर्षे झाली होती.

रंग हा काही एकटा आरोपी नव्हता. युरोपात हा शोध चालू होण्याच्या कितीतरी आधीपासून नाईलच्या काठी लघवीतून रक्त जाणे ही नित्याची गोष्ट होती. १८५१ मध्ये कैरोच्या कस्र-अल-ऐनी रुग्णालयात थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन वैद्याला शवविच्छेदनात रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमी सापडला. या कृमीची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात, तेथे वर्षानुवर्षे दाह चालू राहतो आणि पुढे कर्करोग होतो. हा संबंध कैरोमध्येच फर्ग्युसन याने १९११ मध्ये मांडला. लघवीतून अंडी पाण्यात, पाण्यातून गोगलगाईत, गोगलगाईतून पुन्हा पाण्यात आणि तेथून उभ्या माणसाच्या कातडीतून आत, असे हे चक्र पहिल्या महायुद्धाच्या काळात लायपरने उलगडले. कालव्यात गुडघाभर पाण्यात उभा राहणारा शेतकरी त्याला सर्वाधिक बळी पडे. बारमाही कालवे वाढले, पिके वाढली आणि रोगही वाढला. अलीकडे औषधांमुळे कृमी आटोक्यात आला, तशी इजिप्तमधील या कर्करोगाची जातही बदलली. दाहातून येणारा पेशीप्रकार मागे पडला आणि जगात इतरत्र आढळणारा प्रकार पुढे आला.

या कृमीरोगाचा एक ठिपका महाराष्ट्राच्या नकाशावरही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळले आणि १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी तेथे माणसांत हा रोग स्थानिक असल्याचे नोंदवले. भारतात तो अन्यत्र कोठे फैलावला नाही. परजीवीशास्त्राच्या जागतिक साहित्यात मात्र कोकणातल्या या गावाचे नाव आजही येते.

आता तिसरी गोष्ट, धुराची. १९५६ मध्ये अमेरिकेत लिलियनफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पुरुष रुग्णांत धूम्रपान करणारे अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. फुप्फुसाचा संबंध तोवर प्रसिद्ध झाला होता आणि तो सहज पटे. धुराचा मूत्राशयाशी काय संबंध, हे मात्र गूढ होते. १९६९ मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी सिगारेटच्या धुरात बीटा-नॅफ्थिलअमाईन असल्याचे मोजून दाखवले. धूर फुप्फुसातून रक्तात, रक्तातून यकृतात आणि यकृतातून मूत्राशयात. फुक्सिनच्या कामगाराच्या शरीरातील तीच वाट. ब्रिटिश कायद्याने त्या रसायनाला कारखान्यातून हद्दपार केले त्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. आज पाश्चात्त्य देशांत या रोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांमागे तंबाखूचा धूर असल्याचे मानले जाते.

युरोपातील कारखाने बंद झाले, तरी रंगांची मागणी बंद झाली नाही. बेंझिडीनचे काम आशियात आले. १९९० च्या दशकात अहमदाबादच्या कामगारांवर झालेल्या अभ्यासात त्यांच्या लघवीतून आलेल्या मूत्राशयपेशींच्या डीएनएवर बेंझिडीनची खूण आढळली. लघवी जितकी आम्लधर्मी, तितकी ती खूण ठळक. १९९४ मध्ये जर्मनीने घातक अमाईन सोडणाऱ्या ॲझो रंगांच्या कापडावर बंदी घातली. निर्यात अडली, तेव्हा भारतातही हालचाल झाली. बेंझिडीनवर आधारित रंगांपाठोपाठ १९९७ मध्ये अनेक ॲझो रंगांवर बंदी आली. कामगाराच्या मूत्राशयाने जे शंभर वर्षांत साधले नाही, ते परदेशी ग्राहकाच्या सदऱ्याने तीन वर्षांत साधले.

वेदनेविना लघवीतून रक्त जाणारा रुग्ण आज मूत्ररोगतज्ज्ञासमोर येतो, तेव्हा त्याला दोन जुने प्रश्न विचारले जातात. विडी-सिगारेट किती वर्षे ओढली? आणि वीस-तीस वर्षांपूर्वी काम कोठे करत होता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना आठवते, कारखान्याचे नावसुद्धा आठवते. हाताखालून कोणते रसायन गेले, ते मात्र डब्यावर कधी लिहिलेलेच नसते.